नवतप्यातली जुनी गाडी

जुन्या गाडीचा एसी पुन्हा कसा उभा करावा, याबद्दल छापलेलं जे काही हाती लागतं ते बहुतेक सौम्य हवेच्या मुलखात लिहिलेलं असतं. तिथे पारा ३५ वर गेला की उन्हाळा कडक म्हणतात. चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी या पट्ट्यात एप्रिल निम्मा सरला की दुपारी ४२ अंश सहज ओलांडले जातात. मे महिन्यात ४६-४७ ही पेपरातली नेहमीची बातमी असते आणि पारा ४८ ला टेकल्याच्याही नोंदी आहेत. शिवाय हे तापमान सावलीतलं, हवामान खात्याच्या पांढऱ्या पेटीत जमिनीपासून चार फुटांवर मोजलेलं. गाडीचा कंडेन्सर असतो डांबरापासून दीड-दोन फुटांवर. रोहिणी लागल्या की नवतप्याच्या, म्हणजे पहिल्या नऊ दिवसांच्या, दुपारी मूल किंवा चामोर्शीच्या रस्त्यावर तो जी हवा ओढतो, ती या आकड्यापेक्षाही तापलेली असते.

अशा हवेत अँबॅसडर, पद्मिनी, कॉन्टेसा किंवा प्रीमियर ११८ एनई जपणाऱ्यांसाठी हे प्रकरण आहे. या गाड्या केवळ सणासुदीला पुसून अंगणात लावायच्या वस्तू नाहीत, त्या चालल्या पाहिजेत, मे महिन्यातही चालल्या पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी माझं सांगणं एकच आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जुन्या गाडीचा एसी कंडेन्सरवर ठरतो. खर्चाचा पहिला रुपया तिथे जावा. कॉम्प्रेसर, गॅस, कॉइल हे सगळं त्याच्या मागून.

याचं कारण समजून घ्यायला थोडं यंत्राच्या आत जावं लागेल. डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रवरूप गॅसची वाफ होते आणि ती होताना केबिनमधली उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ही वाफ खेचतो आणि दाबतो, त्यामुळे ती तापते. मग रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होते. उष्णता गरमाकडून थंडाकडेच वाहते, म्हणून कंडेन्सरमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी तरी गरम असावा लागतो. पुण्यात ३५ अंशांच्या दुपारी तो ५५ अंशांवर द्रव होतो. तेव्हा आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-१३४ए गॅसचा दाब गेजवर २०० पाउंडांच्या आसपास दिसतो. चंद्रपुरात ४६ अंशांना त्याच गॅसला ६५-६६ अंशांवर द्रव व्हावं लागतं आणि दाब २६० च्या पुढे जातो. गाडी रेल्वे फाटकावर उभी राहिली, पुढे ट्रकचं धुराडं आणि खाली तापलेलं डांबर असलं, की कंडेन्सरसमोरची हवा ५५ अंशांची होते आणि काटा सव्वातीनशेकडे सरकतो.

दाब चढला की सगळंच बिघडत जातं. कॉम्प्रेसरला जास्त ताकद लागते, ती इंजिनातूनच येते, इंजिन अधिक तापतं. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस इतका गरम होतो की आतलं तेल करपू लागतं, सील सुटतात, आणि केबिनमधून उचललेली उष्णता टाकायला जागाच न उरल्याने आत यायचा गारवा कमी होतो. मालक म्हणतो, ‘एसी मारत नाही.’ गॅरेजवाला म्हणतो, ‘गॅस कमी झाला असेल’, आणि थोडा गॅस मारून देतो. आता कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत जास्तीचा द्रव साचतो, उष्णता टाकायला उपयोगी पडणारी जागा आणखी घटते आणि दाब पूर्वीपेक्षाही वर जातो. दर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचे कॉम्प्रेसर मरतात त्यामागे ही साखळी फार वेळा असते. गॅस कमी आहे की हवा कमी आहे, हे गेज लावून दोन्ही बाजूंचा दाब पाहिल्याशिवाय ठरवूच नये. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. जास्त दाबाच्या बाजूचा काटा खूप वर असेल तर आधी कंडेन्सर धुवा, पंखा तपासा.

गाडीत एसी ही कल्पना आपल्याकडे उशिरा रुजली. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी देऊ केला. त्याची कॉइल डिकीत होती आणि कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता, त्यामुळे एसी नको असेल तर गाडी थांबवून बेल्ट काढून ठेवावा लागे. पुढे १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात सुटसुटीत बसवली आणि आजची मांडणी तिथून आली. भारतात उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि कुर्ल्याची पद्मिनी या दोन्ही गाड्यांची मूळ रचना १९५० च्या दशकातली, एसीचा विचार न करता केलेली. ज्यांना परवडे ते बाहेरून डॅशखाली टांगायचा संच बसवून घेत. १९८० च्या दशकात मारुती ८००, कॉन्टेसा आणि ११८ एनई आल्या, तेव्हा एसी असलेली देशी गाडी मध्यमवर्गाच्या बोलण्यात आली. गाड्यांचे एसी बनवणारी सुब्रोस कंपनी १९८५ मधली, हा योगायोग नाही. मुंबईच्या निळ्या कूल कॅबमध्ये तर प्रीमियरच्या गाड्या एसीसह वर्षानुवर्षं धावल्या. म्हणजे ही इंजिनं एसी ओढू शकतात. प्रश्न आहे तो मुंबईच्या ३४ अंशांऐवजी इथल्या ४६ अंशांचा.

जुना गॅस, नवा गॅस

ज्यांच्या गाडीत १९९० च्या दशकापर्यंतचा मूळ एसी आहे, त्या एसीत बहुधा आर-१२ गॅस असणार. थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस शोधलेला हा गॅस विषारी नाही, पेटत नाही, साध्या खनिज तेलात विरघळतो आणि कडक उन्हाळ्यात त्याचा दाब आर-१३४ए पेक्षा कमी राहतो. आपल्या हवेसाठी तो खरोखर चांगला होता. पण १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवून दिलं की असे गॅस वातावरणात वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ चा माँट्रियल करार त्यातून झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २००८ च्या ऑगस्टपासून, दम्याच्या फवाऱ्यांसारखा औषधी वापर सोडून, आपण या कुळातल्या गॅसचं उत्पादन बंद केलं. पृथ्वी तापवण्याची आर-१२ ची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त आहे.

म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. तुमच्या गाडीतला आर-१२ अजून टिकून असेल, एसी नीट चालत असेल, तर ती यंत्रणा उघडूच नका. कंडेन्सर स्वच्छ ठेवा, पंखा चांगला ठेवा, आणि तो गॅस जिथे आहे तिथे राहू द्या. उघडावीच लागली तर नळी सैल करून गॅस हवेत सोडून देणारा मिस्त्री टाळा. गॅस परत काढून घेणारं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी न्या, त्यासाठी नागपूरपर्यंत जावं लागलं तरी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आज कुणी ‘ओरिजनल आर-१२’ म्हणून सिलिंडर दाखवला तर त्यात काय आहे ते खात्रीने सांगता येत नाही. प्रोपेन-ब्युटेनची मिश्रणं, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसची भावंडं, जुन्या यंत्रणेत भरली की छान गार करतात, कारण भौतिक गुण आर-१२ च्या जवळचे आहेत. पण जुन्या अँबॅसडरची कॉइल तुमच्या गुडघ्यांसमोर असते. तिला बारीक भोक पडलं, काचा बंद असल्या आणि कुणी काडी ओढली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. ही यंत्रणा पेटणाऱ्या गॅससाठी बनलेलीच नाही. स्वस्तात होतंय म्हणून हे कधीही करू नका.

राहतो आर-१३४ए. बहुतेकांसाठी हाच रस्ता आहे, कारण तो गडचिरोलीतल्या साध्या गॅरेजातही मिळतो. ओझोनला तो इजा करत नाही, मात्र हवा तापवण्याची ताकद त्याच्यातही कार्बन डायऑक्साइडच्या १३०० ते १५०० पट आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारत अशा गॅसचा वापर २०२८ पासून गोठवणार आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करणार आहे. युरोपातल्या नव्या गाड्यांत आलेला आर-१२३४वायएफ महाग आहे आणि सौम्यपणे पेटणारा आहे. जुन्या गाडीत आज तो भरायचं काही कारण मला दिसत नाही.

आर-१२ वरून आर-१३४ए वर येणं म्हणजे नुसता सिलिंडर बदलणं नव्हे. हा गॅस जुन्या खनिज तेलात विरघळत नाही. तेल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. त्यामुळे सगळ्या नळ्या फ्लश करून जुनं तेल काढायचं आणि एस्टर किंवा पॅग तेल घालायचं. जुन्या तेलाचे थेंब कुठेतरी राहणारच असतील तर एस्टर जास्त समजूतदार, ते खनिज तेलाशीही जमवून घेतं. ओ-रिंग सगळ्या बदलायच्या, एचएनबीआर रबराच्या. जुन्या रबरी होस पाइपातून हा गॅस हळूहळू झिरपतो, म्हणून आतून नायलॉनचा थर असलेले बॅरियर होस बनवून घ्यायचे. आतली ओल शोषणारा ड्रायर नवा, आणि आर-१३४ए ला चालणाऱ्या दाण्यांचा. यंत्रणा एकदा उघडली की ड्रायर बदललाच पाहिजे, मग तो कितीही चांगला दिसो. शेवटी गॅस भरायचा तो वजनकाट्यावर. जुन्या आर-१२ च्या वजनाच्या ८० ते ९० टक्के पुरतो. ‘काचेतले बुडबुडे जाईपर्यंत’ भरत राहण्याची जुनी रीत या गॅसला लागू पडत नाही, त्याने हमखास जास्त गॅस जातो.

आणि मग कंडेन्सर. जुने कंडेन्सर एकाच लांब नळीला पत्र्याच्या पाती लावलेले असत. आताचे पॅरलल फ्लो कंडेन्सर अॅल्युमिनियमच्या चपट्या, बारीक छिद्रांच्या नळ्यांचे असतात, गॅस एकाच वेळी अनेक नळ्यांतून वाहतो आणि तेवढ्याच जागेत उष्णता कितीतरी चांगली फेकली जाते. आर-१३४ए चा जो दाब वाढतो तो याने भरून निघतो. अँबॅसडरच्या तोंडाशी जागा मुबलक आहे. ग्रिलच्या मागे मावेल तेवढा मोठा कंडेन्सर बसवा, आणि तो रेडिएटरपासून फार लांब नको, मधल्या फटीतून हवा निसटते. ती फट बाजूंनी फोमच्या किंवा रबराच्या पट्टीने बंद करा. हे काम अगदी थोड्या पैशांत होतं आणि त्याचा फरक गेजवर दिसतो.

पंख्याचं मात्र खरं दुखणं आहे. या गाड्यांचा मूळ पंखा इंजिनाच्या बेल्टवर फिरतो, म्हणजे गाडी फाटकावर उभी असताना, सर्वांत जास्त गरज असताना, तो सर्वांत हळू असतो. कंडेन्सरसमोर दहा-बारा इंची इलेक्ट्रिक पंखा हवाच, शक्य असेल तर दोन. तो एसी सुरू होताच फिरला पाहिजे. जास्त दाबाला एसी बंद पाडणारा प्रेशर स्विचही बसवून घ्या. जुन्या संचांत तो बहुधा नसतो. इथल्या उन्हात तो कॉम्प्रेसरचा विमा आहे.

घुग्घुस, राजुरा, दुर्गापूरच्या बाजूला कोळशाची काळी पूड आणि एटापल्ली-आलापल्लीकडे सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी उडवलेली लाल धूळ, या दोन्हींनी पॅरलल फ्लो कंडेन्सरच्या दाट पाती जुन्या कंडेन्सरपेक्षा लवकर भरतात. पुढे बारीक जाळी लावायचा मोह होतो. लावू नका, जाळी हवा अडवते. त्यापेक्षा उन्हाळ्यात दर पंधरवड्याला हलक्या पाण्याने, आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा मारला तर पाती आडव्या होतात आणि कंडेन्सर कायमचा गुदमरतो.

ज्या गाडीला एसी कधीच नव्हता

बहुतेक अँबॅसडर आणि पद्मिनी याच वर्गातल्या. इथे पहिला हिशेब ताकदीचा. घरातला एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. गाडीच्या लहानशा केबिनलाही जवळपास तेवढीच लागते, कारण गाडी म्हणजे उन्हात ठेवलेली, चहूबाजूंनी काचेची पत्र्याची पेटी. त्यासाठी कॉम्प्रेसर इंजिनाकडून तीन ते पाच अश्वशक्ती मागतो. अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन पन्नासेक अश्वशक्तीचं, पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन चाळिशीच्या आसपास, तेही नवं असताना. म्हणजे दहावा हिस्सा एसीच घेतो. १९९० च्या दशकात इसुझुचं १८१७ सीसी इंजिन घेऊन आलेल्या अँबॅसडरला हा भार कळतही नाही. पद्मिनीला कळतो.

त्यामुळे पद्मिनीसाठी माझी पसंती लहान कॉम्प्रेसरला. पाच सिलिंडरचा सांडेन ५०८ हा १३८ सीसीचा कॉम्प्रेसर सगळीकडे माहीत आहे, त्याचे भाग मिळतात, आणि अँबॅसडरला तो चांगला. पद्मिनीला मात्र छोट्या हॅचबॅक गाड्यांत असतो तसा ८०-९० सीसीचा पुरे. लहान कॉम्प्रेसर आणि मोठा कंडेन्सर ही जोडी आपल्या हवेत मोठ्या कॉम्प्रेसर आणि लहान कंडेन्सरपेक्षा नेहमी बरी. विकणारे उलट सांगतात, कारण कॉम्प्रेसरचा आकडा दाखवून विकता येतो.

ब्रॅकेट आणि जादा खाचेची पुली लेथवर बनवून घ्यावी लागते. हे काम ताडाळीच्या एमआयडीसीत किंवा चंद्रपुरातल्या चांगल्या लेथवाल्याकडे होतं. इथे एक अट कधीच सोडू नका. कॉम्प्रेसरला स्वतंत्र बेल्ट हवा. जागा वाचवायला काही जण पंखा, वॉटर पंप, डायनॅमो आणि कॉम्प्रेसर एकाच बेल्टवर घेतात. शहरात ते खपून जातं. गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये जंगल, मध्येच नेटवर्क नाही. वाटेत कॉम्प्रेसरचं बेअरिंग जाम झालं आणि बेल्ट तुटला, तर वॉटर पंपही थांबतो आणि गाडी तिथेच उभी राहते. स्वतंत्र बेल्ट असेल तर तो कापून फेकायचा, काचा खाली करायच्या आणि पुढे निघायचं. भामरागडच्या रस्त्यावर गार हवेपेक्षा पोहोचणं महत्त्वाचं.

मग वीज. एसीचा क्लच चार अँपियर, ब्लोअर दहा-बारा, कंडेन्सरचा पंखा आठ-दहा, त्यात रात्री दोन हेडलाइटचे नऊ-दहा आणि इग्निशनचे तीन-चार. बेरीज पस्तिशीच्या पुढे जाते. लुकासचा जुना डायनॅमो चढत्या वेगाला २२ अँपियर देतो आणि गाडी उभी असताना जवळजवळ काहीच नाही. डायनॅमो असलेल्या गाडीत आधी अल्टरनेटर, मग एसीचा विचार. कार्ब्युरेटरला एसी लागल्यावर इंजिनाचा वेग थोडा वाढवणारा व्हॅक्यूम अॅक्च्युएटरही जोडावा, नाहीतर चौकात क्लच लागला की गाडी बंद पडते.

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो म्हणजे रेडिएटरला आता आधीच तापलेली हवा मिळते. म्हणून एसी बसवण्याआधी रेडिएटर उघडून आतला क्षार साफ करून घेणं, थर्मोस्टॅट तपासणं आणि पाण्यात कूलंट घालणं हे ऐच्छिक राहत नाही. बॉनेटखाली उष्णता वाढली की पेट्रोलची वाफही आधी होते. फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून पुन्हा स्टार्ट मारणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलेत. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवा, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या.

हल्ली बारा व्होल्टवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरचे संच विकले जातात. कल्पना मोहक आहे, इंजिनाला पुली नको, ब्रॅकेट नको. पण अडीच किलोवॅट गारव्याला, या उन्हात, सव्वा किलोवॅट वीज सहज लागते. बारा व्होल्टवर ती शंभर अँपियर होते. जुन्या गाडीच्या वायरिंगला आणि बॅटरीला ते झेपणारं नाही. पुढच्या काही वर्षांत चित्र बदलू शकेल. आज मी ते सुचवणार नाही.

मूळपणाचा प्रश्नही इथेच येतो. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, मोठे फेरफार चालत नाहीत, आणि ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. तुमच्या गाडीसाठी ती वाट कधीकाळी घ्यायची असेल तर एसीचं प्रत्येक काम उलटं फिरवता येईल असं करा. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फीवा हिने २०१२ मध्ये मान्य केलेल्या तुरिन सनदेतही हेच तत्त्व आहे. फायरवॉलला नवी भोकं पाडण्याऐवजी हीटरच्या किंवा वायरिंगच्या मूळ वाटा वापरा, ब्रॅकेट मूळ बोल्टवर बसवा, काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून पेटीत ठेवा. मूळ डॅश कापून मध्ये आधुनिक जाळ्या बसवलेली अँबॅसडर पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं. डॅशखाली टांगलेला काळा संच निदान काढता येतो.

उष्णता आत येऊच न देणं

हे आधी करायला हवं, पण लोक शेवटी करतात. दारांचे रबर कडक झालेले असतात आणि पेडलांची भोकं उघडी असतात, तिथून इंजिनाची गरम हवा थेट पायांवर येते. नवे रबर, ग्रोमेट, फ्लोअरखाली आणि फायरवॉलला बंद पेशींचा नायट्राइल फोम, छताच्या कापडामागे तोच. छत पांढरं असेल तर फारच उत्तम. सरकारी अँबॅसडर पांढऱ्या असत, त्याचा उन्हाळ्यात फायदाच झाला. काचांच्या बाबतीत नियम लक्षात ठेवा. पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली. मर्यादेत बसणारी, उष्णता अडवणारी प्रमाणित काच बनवून घेणं हा खात्रीचा मार्ग.

एक इशारा, जो एसीच्या माहितीत क्वचित वाचायला मिळतो. डॅशखालचे संच आतलीच हवा फिरवत राहतात. आपल्या धुळीत आणि उन्हात ते सोयीचं आहे. पण जुन्या गाडीचा सायलेन्सर गळका असला आणि फ्लोअर गंजून भोकं पडलेली असली, तर काचा बंद केल्यावर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो आधी डोकं दुखवतो, मग झोप आणतो. काचा उघड्या ठेवून वर्षानुवर्षं सुखरूप चाललेली गाडी एसी बसवल्यावर जीवघेणी ठरू शकते. एक्झॉस्ट आणि फ्लोअर दुरुस्त होईपर्यंत एसी सुरू करू नका, आणि उभ्या गाडीत एसी लावून झोपण्याचा विचार कधीच नको.

ज्यांना एसीचा हा सगळा पसारा नको, त्यांच्यासाठी विदर्भाने शिकवलेली वाट आहे. वाळ्याचे पडदे आणि कूलर इथे का चालतात? मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत हवेची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर पाणी पूर्ण बाष्प होऊन हवा २६ अंशांपर्यंत उतरवू शकतं. ताटी साधारण असली तरी ३१ अंशांची झुळूक मिळते. १९३० ते १९५० च्या दशकांत अमेरिकेच्या वाळवंटी भागात गाडीच्या खिडकीला लावायचे असे कूलर मोठ्या प्रमाणात विकले जात. तेंदूपत्त्याच्या हंगामात फडांवर फिरणाऱ्या जीपसाठी, जिच्यात एसी ठेवायला बंद केबिनच नाही, ओल्या वाळ्यातून येणारी हवा हा आजही शहाणपणाचा उपाय आहे. जूनच्या मध्यानंतर मात्र तो निकामी, हवा आधीच ओली झालेली असते.

या ओल्या-कोरड्या हवेचा संबंध एसीच्या कामाशीही आहे. पॅग तेल हवेतली आर्द्रता झपाट्याने शोषतं आणि यंत्रणेत पाण्याचा थेंब राहिला की तो कॉइलमध्ये द्रव गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो किंवा आम्ल बनून धातू खातो. म्हणून यंत्रणा उघडायचं काम श्रावणात काढू नये. माघ-फाल्गुनात, होळीच्या आधी, हवा कोरडी असते आणि मिस्त्रीलाही वेळ असतो. नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड तपासून घ्या. त्यानंतर निदान पाऊण तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते पाहायचं. हललाच तर गळती आहे, गॅस भरायचा नाही. घाई करणाऱ्या गॅरेजात हाच अर्धा तास वाचवला जातो.

काम झालं की पहिली परीक्षा दुपारी दोन वाजता, उन्हात. गार हवेच्या जाळीत थर्मामीटर ठेवून गाडी तासाभर महामार्गावर न्या, मग दहा मिनिटं उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. ४५ अंशांत चालत्या गाडीला जाळीतून १२-१४ अंशांची हवा आणि उभ्या गाडीला १८-२० अंशांची मिळाली तर जुन्या गाडीसाठी ते उत्तम काम झालं. चालताना गार आणि उभी असताना गरम, असा फार मोठा फरक आला तर पंखा कमी पडतोय. दोन्ही वेळा सारखीच कोमट असेल तर गेज लावा.

आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची पट्टी लावा. तिच्यावर कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणतं तेल किती मिली, ड्रायर कधी बदलला, हे पंचने कोरून ठेवा. पुढचा मिस्त्री अहेरीचा असेल, नाहीतर दहा वर्षांनी गाडी घेणारा कुणी असेल, त्याने चुकीचं तेल घातलं तर तुमचं सगळं काम एका मोसमात वाया जाईल.